रांगेच्या टोकाचा चेहरा

भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत आमच्याकडे समूहफोटोंची रीघ लागते. पूर्वी ते पाकिटातून येत आणि मागच्या बाजूस डावीकडून उजवीकडे अशी नावे लिहिलेली असत. आता ते मोबाईलवर येतात; नावे मागाहून येतात किंवा येतच नाहीत. छापण्याजोगा फोटो निवडताना आम्ही मधल्या खुर्च्यांकडे आधी पाहत नाही. आधी दोन्ही टोके पाहतो. मध्ये बसलेले अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, भन्तेजी हे बहुधा स्वच्छ आलेले असतातच. टोकाला कोण असते? सतरंज्या अंथरणारी पोरे, भोजनदानाचा स्वयंपाक आटोपून पदराला हात पुसत आलेल्या आयाबाया, कामावरून परस्पर आलेला आणि गाडी उशिरा आल्यामुळे शेवटी धावत येऊन उभा राहिलेला एखादा कार्यकर्ता. या मंडळींचे चेहरे ओल्या शाईसारखे पसरलेले असतात. खाली नाव छापावे तर चेहरा ओळखू येत नाही, आणि न छापावे तर ती व्यक्ती कार्यक्रमाला नव्हतीच असे होऊन बसते.

आज या सदरात त्या टोकांविषयी लिहायचे आहे. निमित्त आहे वाचकांच्या प्रश्नांचे. कोपरी, कळवा, कल्याण पूर्व आणि डोंबिवली येथील काही तरुण वाचक शनिवार-रविवारी मंगलपरिणय, नामकरण, गृहप्रवेश अशा कार्यक्रमांचे फोटो काढून घराला हातभार लावतात. नवी लेन्स परवडत नाही म्हणून त्यांनी जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या, हाताने फोकस करावयाच्या लेन्स घेतल्या आहेत. कोणी बोरा बाजारात शोधून, कोणी वडिलांच्या कपाटातून. पेंटॅक्स, याशिका, निकॉन, रशियन झेनिटबरोबर येणारी हेलिऑस. मध्ये एक अ‍ॅडॅप्टर बसवला की या लेन्स आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर चालतात. निवड शहाणपणाची आहे, त्याबद्दल आम्ही त्यांची पाठ थोपटतो. पण सगळ्यांची तक्रार एकच आहे. मधल्या माणसाच्या डोळ्यावर अगदी बरोबर फोकस लावतो, तरी टोकाची माणसे धूसर येतात. लेन्स खराब निघाली काय?

बहुतेक वेळा लेन्स खराब नसते. फोकस चुकीच्या जागी लावलेला असतो, आणि ती चुकीची जागा म्हणजे बरोबर मधोमध!

हे थोडे समजून घेतले पाहिजे. कॅमेऱ्यासमोर चार मीटरवर एक विटांची भिंत आहे असे समजा. मधल्या विटेवर फोकस लावला म्हणजे सगळी भिंत स्पष्ट यावी, ही आपली अपेक्षा. आपण मनात असे धरून चालतो की, लेन्सपुढे स्पष्टतेचा एक पडदा ताणून उभा केलेला आहे आणि रिंग फिरवली की तो पुढे-मागे सरकतो. पडद्याची ही कल्पना बरोबर आहे. तो ताणलेला आहे ही मात्र चुकीची. बहुतेक लेन्समध्ये हा पडदा थोडा वाकलेला असतो. उभी धरलेली परात डोळ्यांपुढे आणा. परातीचा तळ मधल्या माणसाजवळ, आणि काठ दोन्ही बाजूंनी फोटो काढणाऱ्याकडे वळलेले. एकाच भिंगाच्या साध्या लेन्समध्ये हा बाक फार मोठा असतो. चांगल्या लेन्समध्ये अनेक भिंगे जुळवून तो कमी केलेला असतो, पण पुरता नाहीसा क्वचितच होतो. इंग्रजी पुस्तकांत याला फील्ड कर्व्हेचर म्हणतात. आपण त्याला पडद्याचा बाक म्हणू.

बाक किती असला तर बिघडते? आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला तेव्हा आमचेच डोळे विस्फारले. ३५ मि.मी.च्या लेन्सने चार मीटरवर फोकस लावला आहे. टोकाशी हा बाक कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरपाशी, अवघा एक दशांश मिलिमीटर असला, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीएवढा, तर बाहेर हॉलमध्ये तो जवळजवळ एक मीटर होतो! मधल्या माणसासाठी चार मीटर ठीक; टोकाच्या माणसाने मात्र तीन मीटरवर येऊन उभे राहावे, असा त्या लेन्सचा आग्रह. तो बिचारा सरळ रांगेत सगळ्यांबरोबर उभा असतो. धूसर येईल नाही तर काय होईल?

ही अडचण कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. १८४० मध्ये व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झव्हाल यांनी माणसांच्या चित्रांसाठी एक लेन्स आखली. आधीच्या लेन्सपेक्षा ती कितीतरी जास्त प्रकाश घेई. त्यामुळे चित्रासाठी मिनिटामिनिटांचे पुतळ्यासारखे बसणे संपून काम सेकंदांवर आले. तिचा मध्य धारदार आणि कडा धूसर. एकट्या माणसाला ते शोभून दिसे, रांगेला नाही. पडद्याच्या बाकाचे गणित आजही पेट्झव्हाल यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे १८९६ मध्ये झाइस कंपनीचे पॉल रुडॉल्फ यांनी बाक बराच कमी केलेली लेन्स काढली आणि तिचे नावच प्लॅनार ठेवले, सपाट या अर्थाने. तुमच्याकडे ५० मि.मी., एफ १.८ ची जुनी लेन्स असेल तर ती बहुतेक याच कुळातली.

काही जणांनी उलटा मार्ग धरला. लेन्सचा बाक जात नाही तर फिल्मच वाकवा! जर्मनीचा आग्फा क्लॅक आणि विलायतेतला कोडॅकचा ब्राउनी १२७ या स्वस्त कॅमेऱ्यांत फिल्म मुद्दाम वाकवलेल्या मार्गावरून जाई, म्हणून साध्या भिंगातूनही कडा बऱ्या येत. आपल्या डोळ्यात हीच सोय जन्मजात आहे. डोळ्याच्या मागचा पडदा वाटीसारखा गोल आहे. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र काचेसारखा सपाट. जुन्या लेन्सचा वाकलेला पडदा आणि नवा सपाट सेन्सर यांचे जुळवून देण्याचे काम अखेर फोटो काढणाऱ्याच्या डोक्यावर येऊन पडते.

आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात हे काम आणखी अवघड होते, कारण जागा नाही. विहाराचा हॉल लहान, सोसायटीचे कार्यालय त्याहून लहान, इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांनी निम्मी जागा अडवलेली. फोटो काढणाऱ्याची पाठ भिंतीला टेकते, तरी सगळे चौकटीत मावत नाहीत. मग तो रुंद दिसणारी लेन्स लावतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, चार मीटर अंतरावरून, ५० मि.मी.च्या लेन्समध्ये साधारण २.९ मीटर रुंदी मावते, म्हणजे खांद्याला खांदा लावून सहा माणसे. ३५ मि.मी.मध्ये ४.१ मीटर, म्हणजे आठ-नऊ. २८ मि.मी.मध्ये ५.१ मीटर, म्हणजे दहा-अकरा. लेन्स जितकी रुंद तितकी टोकाची माणसे पडद्याच्या काठावर लोटली जातात. त्यात कार्यक्रम संध्याकाळचा, उजेड ट्यूबलाइटचा, त्यामुळे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे. सगळी संकटे एकदम चालून येतात.

उजेड असेल तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. ३५ मि.मी.ची लेन्स चार मीटरवर ठेवून अ‍ॅपर्चर एफ ८ केले तर हिशेबाने सव्वादोन मीटरपासून अठरा मीटरपर्यंत चालण्याजोगे स्पष्ट येते. बाक असला तरी त्यात झाकला जातो. एफ २ वर हीच मर्यादा ३.३ मीटर ते ५ मीटर इतकी आखडते आणि एक मीटरचा बाक तिच्यात मावत नाही. म्हणून आमचा पहिला सल्ला अगदी साधा आहे: समूहफोटो दिवसाउजेडी, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी काढा. पाहुणे उशिरा येतात हे आम्हांला ठाऊक आहे. तरी सल्ला देतो.

दुसरा सल्लाही फुकटचा. चौकट काठोकाठ भरू नका. दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसांची जागा मोकळी सोडा आणि नंतर कापून टाका. आजच्या सेन्सरवर बारकावे इतके असतात की एवढे कापल्याने छपाईत फरक पडत नाही. गच्चीवर किंवा मैदानात जागा असेल तर ३५ ची लेन्स पिशवीत ठेवा, ५० ची लावा आणि सहा मीटर मागे जा. तेवढीच रांग मावेल आणि चेहऱ्यांचे आकारही कडेला ताणले जाणार नाहीत.

आता रांग उभी करण्याविषयी. जुन्या काळी स्टुडिओतले फोटोग्राफर खुर्च्या सरळ ओळीत मांडत नसत. दोन्ही टोके थोडी पुढे घेऊन चंद्रकोरीसारख्या मांडत. हे त्या परातीला धरून बसवणे होते. आपणही ते करावे. एकदम मीटरभर पुढे घेऊ नका, रांग विचित्र दिसते. टोकाच्या माणसांना एक पाऊल पुढे या म्हणावे आणि शरीर किंचित मध्याकडे वळवावे. फोटोत रांग वाकडी वाटत नाही, उलट घरच्यासारखी जवळ आल्यासारखी दिसते. मुलांना पुढे जमिनीवर बसवायचे असेल तर दोन्ही कोपऱ्यांत बसवा. परातीचे काठ पुढेच वळलेले असल्यामुळे ती पोरे फार काही न करता स्पष्ट येतात. मधोमध बसवलेली मुलेच अशा वेळी धूसर होतात, हा गमतीचा भाग आहे.

पण हे सगळे तुमच्या लेन्सचा बाक आतल्या बाजूला असेल तर. काही लेन्समध्ये तो बाहेरच्या बाजूला असतो, आणि काही रुंद लेन्समध्ये तर मध्यापासून पुढे जाऊन टोकाशी पुन्हा मागे वळणारा, मिशीसारखा. म्हणून लेन्स घेतल्यावर पहिल्याच रविवारी तिची परीक्षा घ्या. भिंतीचा फोटो काढून बाकाची दिशा कळत नाही. कडा धूसर आहेत एवढेच कळते. त्यापेक्षा जमिनीचा फोटो काढा. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठची फरसबंदी, कल्याणला काळा तलावाजवळची वाट, डोंबिवलीत क्रीडासंकुलाचे मैदान, कुठेही चालेल. जमीन सपाट आणि खडबडीत हवी, गवत किंवा बारीक खडी उत्तम. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरा, किंचित खाली झुकवा, डाव्या-उजव्या बाजूला मात्र कलू देऊ नका. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून तीन-चार मीटरवर फोकस लावा आणि फोटो घ्या.

घरी येऊन तो मोठा करून पाहा. जमिनीवर आडवा एक पट्टा स्पष्ट दिसेल, त्याच्या पुढचे आणि मागचे धूसर. पट्टा सरळ असेल तर नशीबवान आहात. पट्टा कमानीसारखा दिसला, मधे वर आणि टोके खाली, तर टोकांचा फोकस तुमच्याकडे वळलेला आहे. रांगेची टोके पुढे घ्यायची. पट्टा दारावरच्या तोरणासारखा लोंबला, मधे खाली आणि टोके वर, तर टोके मागे न्यायची. एकच टोक वाकले आणि दुसरे सरळ राहिले, तर तो बाक नव्हे. अ‍ॅडॅप्टर तिरका बसला आहे किंवा लेन्समधले एखादे भिंग जागचे हलले आहे. आधी अ‍ॅडॅप्टर बदलून पाहा, तो स्वस्त असतो. आणि हो, ही परीक्षा ज्या अंतरावर घ्याल त्याच अंतराला लागू पडते. काही लेन्समध्ये जवळचा बाक निराळा आणि लांबचा निराळा असतो.

आता मुख्य गोष्ट, फोकस कुठे लावायचा. रांग सरळच ठेवावी लागली, अ‍ॅपर्चर उघडेच ठेवावे लागले, तरी हातात एक उपाय उरतो. फोकस मधल्या माणसावर लावू नका आणि टोकाच्या माणसावरही लावू नका. मध्य आणि टोक यांच्या निम्म्यावर जो उभा आहे त्याच्या डोळ्यांवर लावा. त्यामुळे चूक वाटली जाते. मधला किंचित एका बाजूला चुकतो, टोकाचा किंचित दुसऱ्या बाजूला, आणि दोघेही चालण्याजोग्या मर्यादेत राहतात. दहा जणांच्या रांगेत असा माणूस म्हणजे टोकाकडून तिसरा. मिररलेस कॅमेऱ्यात चित्र मोठे करून दाखवणारे बटण असते, आणि ती मोठी केलेली चौकट हवी तिथे सरकवता येते. बहुतेक जण ती मध्यावरच ठेवतात. ती त्या तिसऱ्या माणसावर न्या. रिंग फिरवताना स्पष्टता येते, जाते, पुन्हा येते, असे पुढे-मागे करून थांबा. मग चौकट टोकाच्या माणसावर नेऊन एकदा पाहा. त्याच्या भुवया दिसल्या पाहिजेत. नसतील तर रिंग केसभर हलवा. लेन्स कमानीच्या जातीची असेल तर लांबच्या बाजूला, तोरणाच्या जातीची असेल तर जवळच्या बाजूला.

कडांवर रंगीत रेघा उमटवणारी सोय, जिला फोकस पीकिंग म्हणतात, तिच्यावर आमचा फार विश्वास नाही. जरीचा काठ, पांढऱ्या साडीवरची निळी किनार, कुरळे केस अशा ठळक गोष्टींवर ती आधीच चमकायला लागते आणि डोळे मात्र मागेच राहतात. फोकस कुठे आहे याचा अंदाज घेण्यापुरती ती ठीक. निर्णय मोठे केलेल्या चित्रावर घ्यावा. टोकाशी आणखी एक घोळ असतो. तिथे उभ्या रेषा एका जागी स्पष्ट होतात आणि आडव्या दुसऱ्या जागी. चष्म्याची आडवी कड स्वच्छ, नाकाची उभी कड धूसर. अशा वेळी डोळा पाहावा, बाकी सोडून द्यावे.

अजून फिल्मवर काम करणारेही काही वाचक आहेत. त्यांच्या कॅमेऱ्यात मध्यावर दोन तुकडे जुळवण्याचे वर्तुळ असते, आणि सवयीने सगळे तिथेच जुळवतात. त्या वर्तुळाबाहेरची दुधी काचही फोकस दाखवते, हे विसरू नका. मध्यावर जुळवा आणि मग दुधी काचेवर टोकाकडच्या तिसऱ्या माणसाकडे बघत रिंग किंचित फिरवा. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी एक ध्यानात ठेवावे: बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांच्या खिडकीतले चित्र डोळ्याला साधारण एक मीटरवर असल्यासारखे दिसते. वाचायचा चष्मा त्याला उपयोगी नाही. कित्येकांचा फोकस लेन्समुळे नव्हे, चष्म्यामुळे चुकतो.

मध्यावर फोकस लावून मग कॅमेरा वळवून चौकट जुळवण्याचीही अनेकांना सवय आहे. वधू-वरांचा जवळून फोटो घेताना हे अंगाशी येते. दोन मीटरवर फोकस लावला आणि कॅमेरा वीस अंशांनी वळवला, तर सपाट पडद्याच्या हिशेबाने फोकस बारा सेंटिमीटर मागे जातो. ५० मि.मी.च्या लेन्सला एफ २ वर मागच्या बाजूला जेमतेम दहा सेंटिमीटरची सवलत असते. डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतो तो असा. लेन्सचा बाक आतल्या बाजूला असला तर ही चूक थोडी भरून निघते, म्हणून काही जुन्या फोटोग्राफरांचे याच पद्धतीने सहज जमून जाई आणि ते आपल्या हाताला श्रेय देत!

शेवटी अ‍ॅपर्चर. फोकस शक्यतो त्याच अ‍ॅपर्चरवर लावा ज्यावर फोटो घ्यायचा आहे. काही जुन्या, जास्त उजेड घेणाऱ्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बारीक करताना फोकस स्वतःहून थोडा सरकतो. अ‍ॅडॅप्टर लावलेल्या लेन्सवर रिंग फिरवली की अ‍ॅपर्चर तिथल्या तिथे बारीक होते, आणि जे दिसते तेच फोटोत येते. लेन्सवर कोरलेल्या मीटरच्या आकड्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. अ‍ॅडॅप्टर केसभर पातळ किंवा जाड असला तरी ते आकडे खोटे पडतात. कागदाच्या जाडीचा हिशेब वर दिलाच आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे एखाद्याला वाटेल. संगणक आता धूसर चेहरा स्वच्छ करून देतो ना? डोंबिवलीच्या एका वाचक कुटुंबाची हकिकत सांगतो. घरातली आजी पावसाळ्यात कालकथित झाली. तिने आयुष्यात स्वतःचा म्हणून फोटो काढून घेतला नव्हता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी शोधाशोध झाली तेव्हा आदल्या विजयादशमीचा विहारातला एक समूहफोटो सापडला. आजी अगदी डाव्या टोकाला, महिला मंडळाच्या रांगेत, आणि अर्थातच धूसर. नातवाने मोबाईलवर कृत्रिम बुद्धीच्या साधनाने तो चेहरा काढला. अर्ध्या मिनिटात स्वच्छ चेहरा आला. पापण्या दिसत होत्या, सुरकुत्या दिसत होत्या. मुलाने पाहिला आणि तो म्हणाला, ही बाई चांगली आहे, पण आई नव्हे.

बरोबरच आहे. धूसर फोटोत जी माहिती उतरलीच नाही ती यंत्र कुठून आणणार? ते दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून एक शोभेसा चेहरा रचून देते. कपाळावरचे गोंदण पुसले गेले होते आणि एक डोळा जो जन्मापासून किंचित बारीक होता तो दुसऱ्यासारखा झाला होता. घरच्यांनी शेवटी धूसर फोटोच मोठा करून लावला. लांबून पाहिले की आजी ओळखू येते, जवळ गेले की हरवते.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा एक समूहफोटो आहे, राजगृहावर फेब्रुवारी १९३४ मध्ये घेतलेला. डावीकडून यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव, आणि घरचा कुत्रा टॉबी. त्यानंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. तो फोटो आज आपण नावे घेत डावीकडून उजवीकडे वाचू शकतो, मधल्यांची आणि टोकाच्यांची सारखीच. फोटो काढणाऱ्याने कोणती लेन्स लावली होती हा प्रश्न आपल्याला पडतही नाही.

आता जुने फोटो आणि कागद यांची नक्कल करण्याविषयी थोडे, कारण त्या बाबतीतही पत्रे आली आहेत. बऱ्याच घरांतून आजोबांच्या ट्रंकेत जुनी वृत्तपत्रे, सभांची पत्रके, पिवळे पडलेले फोटो निघतात. मूकनायक १९२० चे, बहिष्कृत भारत १९२७ चे, जनता १९३० चे, प्रबुद्ध भारत १९५६ चे. सुरुवातीच्या वर्षांतला एखादा अंक कोणाकडे असेलच असे नाही, पण जे असेल ते ठिसूळ झालेले असते, आणि यंत्रात घालून दाबले की घडीवर तुटते. कॅमेऱ्याने वरून फोटो घेणे हा त्यावरचा सुरक्षित उपाय आहे. पण कागद चंद्रकोरीसारखा वाकवता येत नाही! त्याचे कोपरे पुढे या म्हटल्याने येत नाहीत. समूहफोटोत जे थोडेफार चालून जाते ते इथे चालत नाही, कारण कोपऱ्यातल्या बारीक टायपातच देणगीदारांची आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांची नावे छापलेली असतात.

छापखान्यात नकला काढणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांना म्हणूनच खास सपाट पडद्याच्या लेन्स असत. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेससाठी असे छायाचित्रणाचे आणि शिळाछापाचे काम करीत. तिथे कोपरा धूसर गेला तर देवीच्या चित्राचा पदरच पुसट छापला जायचा. आपल्याला एवढे मोठे यंत्र नको. डार्करूम बंद झाल्यामुळे फोटो मोठे करण्याच्या एन्लार्जरच्या ५० मि.मी. लेन्स जुन्या बाजारात कमी किमतीत मिळतात. त्या सपाट निगेटिव्हवरून सपाट कागदावर चित्र पाडण्यासाठीच बनवलेल्या असल्यामुळे त्यांचा बाक अगदी थोडा असतो. जवळून काढण्याची मॅक्रो लेन्स असेल तर तीही चालते. नेहमीची ५० ची लेन्सच असेल तर एफ ८ ठेवा आणि कागद चौकटीच्या मधल्या भागात बसवा.

कॅमेरा स्टँडवर, तोंड खाली. तो कागदाला समांतर आहे की नाही हे नजरेने कळत नाही आणि मग एक कोपरा धूसर गेला की लोक लेन्सला बोल लावतात. यासाठी घरातला दाढीचा लहान सपाट आरसा आणा. कागदाच्या जागी मधोमध तो ठेवा आणि कॅमेऱ्यातून पाहा. लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या अगदी मध्यावर आले की कॅमेरा समांतर झाला. मग आरसा काढा, कागद ठेवा, वर स्वच्छ काच ठेवा, दिवे दोन्ही बाजूंनी तिरके लावा, आणि फोकस मधल्या मोठ्या मथळ्यावर न लावता मथळा आणि कोपरा यांच्या मधल्या एखाद्या बातमीच्या अक्षरांवर लावा. फोटो घेतल्यावर चारही कोपरे मोठे करून वाचा. वाचता आले तरच पान उलटा.

फ्लॅशविषयी विचारणाऱ्या वाचकांनी पुढील अंकापर्यंत धीर धरावा. जयभीम.